मिठाची पोती आणि फ्रीज

मागच्या महिन्यात एका शनिवारी पहाटे पुण्याहून घरी दौलताबादला पोचलो. हॉलमध्ये पाय ठेवला आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. दोन मिनिटांनी कळलं, आवाज नव्हता! आमचा फ्रीज २००४ साली घेतलेला, एकशे पासष्ट लिटरचा, एका दाराचा. वीस वर्षं त्याची घरघर ऐकत मी अभ्यास केला, क्रिकेट पाहिलं, बारावीच्या निकालाची वाट पाहिली. तो गुरुवारी रात्री गप्प झाला तो झालाच. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर गेलाय, ह्यावर खर्च करू नका.

आता घरात आयटी इंजिनीअर असल्यावर काय होतं? एक्सेल शीट होते. :) बाराच्या आत माझी शीट तयार. लिटर, स्टार, वर्षाचे युनिट, कॉम्प्रेसरची वॉरंटी, किंमत, ईएमआय.. बारा रकाने, सतरा मॉडेल्स. लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आईनं हात पुसले, शीट वरून खाली पाहिली आणि म्हणाली, "सगळं बरोबर आहे रे. पण ह्याच्यात माझं दुधाचं पातेलं कुठं मावतंय ते सांग ना."

पातेल्याचा रकाना नव्हता.

मी गप्प बसलो. खिडकीतून किल्ला दिसत होता, आणि मला मिठाची पोती आठवली. सांगतो.

दौलताबादचा किल्ला म्हणजे तेव्हाचा देवगिरी. उभा तासलेला कडा, भोवती खोल खंदक, आणि वर जायला 'अंधारी' नावाचं वळणावळणाचं भुयार. असा किल्ला लढून घेणं महाकठीण. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी अचानक चाल करून आला तेव्हा रामदेवराव यादवाचं मुख्य सैन्य त्याच्या मुलाबरोबर बाहेर होतं. राजा किल्ल्यात शिरला आणि दारं बंद झाली. फिरिश्ता ह्या इतिहासकारानं पुढे लिहिलंय की धावपळीत धान्य समजून जी पोती गडावर चढवली होती, ती उघडल्यावर आत निघालं मीठ! कोठारात खायला नाही म्हटल्यावर राजाला तह करावा लागला. फिरिश्ता हे तीनशे वर्षांनंतर लिहितोय, त्यामुळे पोत्यांची गोष्ट जशीच्या तशी खरी मानावी का हा प्रश्न आहेच. पण आमच्या गावात ती प्रत्येकाला पाठ आहे. आजी तर ती सांगून वर म्हणते, "पोतं चढवायच्या आधी बाईमाणसाला दाखवलं असतं तर हातानं चाचपून सांगितलं असतं तिनं, मीठ आहे का जवारी."

इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य मिळणार नाही. पण मला वाटतं, फ्रीज निवडण्याबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे. साठवण किती मोठी हे नंतर. आत काय ठेवायचं आणि ते किती दिवस टिकायला पाहिजे, हे ज्याला माहीत आहे त्याला आधी विचारा.

त्या दुपारी शीट बाजूला ठेवली आणि लायब्ररीत वाचलेलं, इकडून तिकडून जमवलेलं आठवत बसलो. थंडावा नेमका कोणाच्या मालकीचा होता, हा प्रश्न डोक्यात घोळत होता.

१३२७ साली मुहम्मद बिन तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. त्याच्या काळात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी इथे येऊन गेला. इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. त्यानं टपालाच्या पायी धावकऱ्यांबद्दलही लिहिलंय. मैलाच्या दर तिसऱ्या भागावर एक चौकी, धावणाऱ्याच्या हातात घुंगरं लावलेली काठी. घुंगरांचा आवाज आला की पुढचा तयार. ह्याच टपालानं खुरासानची फळं सुलतानाकडे यायची. आणि सुलतान दौलताबादला असताना त्याच्या पिण्यासाठी गंगेचं पाणी इथपर्यंत आणलं जायचं. गंगा इथून चाळीस दिवसांच्या वाटेवर!

आता हे आमच्या भाषेत सांगायचं तर सुलतानाकडे स्टोरेज नव्हतं, म्हणून तो सगळा पैसा नेटवर्कवर खर्च करत होता. :) फळ टिकवता येत नाही ना, मग नासायच्या आत पोचवा. एका माणसाच्या ताटातल्या फळासाठी किती माणसं धावत असतील, कल्पना करा. बाकीचं दौलताबाद काय पीत होतं? डोंगरातून खापरी नळांनी हौदात आणलेलं पाणी, आणि घरी मातीचा माठ.

माठ कमी लेखू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसला जातो, पण हवा कोरडी असते. दमटपणा पंधरा-वीस टक्के असेल तर बाष्पीभवनानं पाणी हिशोबानं बावीस-तेवीसपर्यंत उतरू शकतं. प्रत्यक्षात थोडं वर राहतं, पण एवढी मजल विजेशिवाय! फक्त एक अट आहे, हवा कोरडी पाहिजे. ही अट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त पाणी गार करायची आणखी एक रीत आहे, सोऱ्याची. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवत राहायची. अकबर लाहोरला असताना डोंगरातून बर्फही यायचा. थोडक्यात काय, गारवा मिळत होता, पण तो मिळायला पदरी माणसं लागत होती.

मग व्यापारी आले. १८३३ साली 'टस्कनी' नावाच्या जहाजानं अमेरिकेतल्या बोस्टनहून कलकत्त्याला चक्क बर्फ आणला. हिवाळ्यात तळ्यांवर गोठलेला बर्फ कापायचा आणि लाकडी भुशात दाबून चार महिन्यांचा समुद्रप्रवास करायचा. निघाला साधारण एकशे ऐंशी टन, पोचला साधारण शंभर टन. म्हणजे विषुववृत्त दोनदा ओलांडून निम्म्याहून जास्त माल शाबूत! आज फ्रीजच्या भिंतीत जो पिवळट फोम असतो तो त्या भुशाचाच नातू. पुढच्याच वर्षी मुंबईत बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभॉय ह्यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा प्रसिद्ध आहे.

आमच्या गावापर्यंत ह्यातलं काही आलं नाही. राजा झाला, बादशहा झाला, शेटजी झाले. स्वयंपाकघराचा नंबर लागायला अजून शंभर-सव्वाशे वर्षं होती.

१९५८ साली गोदरेजनं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या मदतीनं भारतात फ्रीज बनवला. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे हैदराबादच्या 'ऑल्विन'चं नाव आमच्या जुन्या लोकांच्या तोंडात जास्त. पण सरकारच्या लेखी फ्रीज ही अनेक वर्षं चैनीची वस्तू होती आणि कर त्या हिशोबानं. चैनीच्या वस्तूची जागा कुठे? हॉलमध्ये! तुमच्याही घरी असेल बघा. वर क्रोशाचं कव्हर, हँडलला वेगळं कव्हर, त्यावर फुलदाणी, आणि दाराला कुलूप. आमच्याकडेही तसंच. आईनं वीस वर्षं प्रत्येक कोथिंबिरीच्या काडीसाठी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फेऱ्या मारल्या. कोणी पाहुणे बसलेले असले की पदर सावरून, वाकून, मिरच्या काढायच्या. फ्रीज घराला दाखवायला होता, आणि वापरणारी एकटीच होती.

मजा म्हणजे फ्रीज आमच्या जिल्ह्यातही बनत होते. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता आणि माझा एक मामा तिथे कामाला होता. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) म्हटलं की बाहेरच्यांना अजिंठा-वेरूळ आठवतं, आम्हाला चितेगाव आणि वाळूजच्या कंपनीच्या बसेस आठवतात. मामा २०१६ ला निवृत्त झाला. दोन वर्षांनी, जून २०१८ मध्ये, कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रीजवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. फ्रीज ही आता गरज आहे हे सरकारला पटलं, तेव्हा आमच्याकडचा फ्रीजवाला मोडकळीला आला होता.

ह्याच मराठवाड्यात आणखी एक प्रयोग झाला. २००८ साली गोदरेजच्या लोकांनी उस्मानाबादला (आता धाराशिव) शेकडो ग्रामीण बायकांना बोलावून विचारलं, तुम्हाला कसा फ्रीज पाहिजे? त्यातून 'छोटूकूल' निघाला. चाळीस-पंचेचाळीस लिटरचा, कॉम्प्रेसर नाही, बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. दार वरून उघडतं, कारण थंड हवा जड असते, ती खाली बसून राहते. इंजिनीअर म्हणून मला तो फार आवडतो. पण ज्या गावांसाठी बनवला तिथे तो घरोघरी काही गेला नाही. मला वाटतं, विचारलं ते बरोबरच होतं. पण घरात एकच मोठी वस्तू घ्यायची ऐपत असते तेव्हा माणूस 'खरा' फ्रीज येईपर्यंत थांबतो. हॉलमधली ती जागा लहान डब्याला द्यायची नसते कोणाला.

असो. इतिहास झाला, आता आमचा फ्रीज.

संध्याकाळी आईसमोर वही घेऊन बसलो. ऑफिसात क्लायंटला विचारतो तसं विचारलं, पण लॅपटॉप बंद ठेवून. घरात माणसं सहा. आई, बाबा, आजी, दादा, वहिनी आणि दिवसातून चाळीस वेळा दार उघडणारी चार वर्षांची पुतणी.

पहिली गोष्ट आईनं सांगितली ती आजीच्या इन्सुलिनची. गेल्या वर्षी मे महिन्यात वादळ झालं, तारांवर झाड पडलं, एकोणीस तास लाईट नव्हती. तेव्हा मी पुण्यात होतो, मला फोनवर "काही नाही रे, लाईट गेली होती" एवढंच कळलं होतं. आता कळलं की आईनं इन्सुलिनच्या बाटल्या डबीत घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवल्या होत्या आणि रात्रभर दर तासाला उठून फडकं ओलं केलं होतं. पण वादळानंतरची हवा दमट! माठाची अट आठवते ना? त्या रात्री माठच गार होत नव्हता. सकाळी डॉक्टर म्हणाले, धोका नको, नवीन आणा. चारही बाटल्या टाकून दिल्या. आजी हे ऐकत होती. ती म्हणाली, "चार बाटल्यांसाठी माझ्या लेकरानं डोळ्याला डोळा लावला नाही." लेकरू म्हणजे आमची आई, तिची सून.

माझ्या सतरा मॉडेल्सच्या शीटमध्ये ह्या रात्रीचाही रकाना नव्हता.

न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, आणि गोठलं तरी वाया जातं. एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या अगदी खालच्या कप्प्यात ते गोठण्याची भीती, आणि दारात ठेवलं तर पुतणीची कृपा. म्हणून पंख्यानं हवा फिरवणारा, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीज हवा. त्यात गारवा बऱ्यापैकी सारखा राहतो. बाटली मधल्या कप्प्यात ठेवायची.

मग लाईट जाण्याचा प्रश्न. आईला वाटत होतं, जाहिरातीत 'इन्व्हर्टर' म्हणतात म्हणजे लाईट गेल्यावर चालतो. बाबांनाही तसंच वाटत होतं, आणि दुकानातल्या पोरानंही त्यांना तसंच वाटू दिलं होतं! मंडळी, तसं नसतं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा कॉम्प्रेसर. वीज वाचते, आवाज कमी, सुरू होताना झटका कमी. पण वीज नसेल तर तो बंदच. लाईट गेल्यावर उपयोगी पडतो तो बर्फ. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता खातो. बंद फ्रीजमध्ये बाहेरून चाळीस वॅटनं उष्णता शिरते असं धरलं, तर दोन किलो बर्फ साडेचार तासांच्या आसपास किल्ला लढवतो. म्हणून ठरलं, फ्रीझरमध्ये पाण्याच्या चार लिटर बाटल्या कायम गोठवलेल्या ठेवायच्या. लाईट गेली की दोन वरच्या कप्प्यात आणायच्या, पण इन्सुलिनला चिकटून नाही. आणि पुतणीला दाराला हात लावू द्यायचा नाही. एकोणीस तास नाही निघणार ह्यात, पण एक रात्र निघेल.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. आई म्हणाली, "भाजी काढायला मी दिवसातून वीसदा वाकते. बर्फ काढायला एकदा. मग बर्फ वर आणि भाजी खाली कामून ठेवतात?" मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. जी गोष्ट वारंवार लागते ती हाताशी ठेवायची, हे शिकायला आम्ही चार वर्षं इंजिनीअरिंग केलं! फ्रीझर खाली असलेले फ्रीज मिळतात. थोडे महाग पडतात, पण शीटमधली अर्धी नावं तिथेच गळाली.

तिसरी गोष्ट दाराची. देवगिरीत शिरताना हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून वाट मुद्दाम वाकडी केलीय. आमचं घर कोणी तसं बांधलं नसावं, पण गल्लीतून ओटा, ओट्यावरून काटकोनात बोळ, आणि बोळातून स्वयंपाकघराचं बहात्तर सेंटिमीटरचं दार. बाबांनी सुतारकामाचा टेप काढून तीन वेळा मोजलं. दोन पाखांचा रुंद फ्रीज वहिनीला आवडला होता, तो नव्वद सेंटिमीटरचा. तो आमच्या घरात यायचा तर फितुरी करावी लागली असती. :) वहिनी हसली आणि म्हणाली, "मग मला निदान डब्याचे कप्पे वरखाली करता येणारे द्या." दिले.

मामाला फोन केला. तीस वर्षांच्या अनुभवाचा त्याचा सल्ला असा: दाराच्या रबरात नोट अडकवून ओढ, सहज निघाली तर तो पीस घेऊ नको. हल्ली उष्णता बाजूच्या पत्र्यातून बाहेर पडते, म्हणून दोन्ही बाजूंना चार बोटं जागा सोड, आणि पत्रा गरम लागला तर घाबरून तक्रार करू नको. स्टारचं लेबल २००६ पासून आलंय पण निकष कडक होत जातात, तेव्हा स्टार बघताना कुठल्या वर्षाचा तेही बघ. गॅस 'आर-सहाशे-ए' घे. तो ब्युटेनचाच भाऊ, ओझोनला धक्का नाही, तापमानवाढीतही जवळजवळ नगण्य. मी पाच स्टारचा हिशोब केला. समजा वर्षाला पासष्ट युनिट वाचले आणि युनिट दहा रुपयांना धरलं, तर साडेसहाशे रुपये. किमतीतला फरक होता सात हजार. अकरा वर्षं! तीन स्टारवर थांबलो.

रविवारी सगळे शहरात दुकानात गेलो. आईनं पिशवीतून दुधाचं पातेलं काढलं आणि मांडलेल्या फ्रीजमध्ये ठेवून बघितलं. दुकानदार हसला. आईनं झाकणासकट ठेवून बघितलं. तिसऱ्या फ्रीजमध्ये मावलं. सव्वातीनशे लिटर, फ्रीझर खाली, रंग साधा राखाडी.

मंगळवारी तो बोळातून आत गेला, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं ठेवून. मी पुण्यात होतो, व्हिडिओ कॉलवर पाहिलं. हॉलमध्ये जुन्या फ्रीजच्या जागी भिंतीवर एक पांढरा चौकोन राहिलाय, तिथे बाबांना टीव्ही सरकवायचाय. आजीनं नव्या फ्रीजचं दार उघडलं, मधल्या कप्प्यातली आपली बाटली हातात घेऊन पाहिली, पुन्हा ठेवली. मग एकेक डबा उघडून आत काय आहे ते बघायला लागली.

"आजी, काय शोधतेस?"

"काही नाही," ती म्हणाली, "बघून घेते. मीठ तर नाही ना भरलं."